पालखीतळ

पालखीतळ : आषाढी वारीच्या वाटेवर संतांची पालखी व तिच्याबरोबरच्या दिंड्या रात्रीच्या मुक्कामासाठी ज्या मोकळ्या जागी उतरतात, ती जागा. व्यवहारात ‘तळ’ एवढाच शब्द पुष्कळदा वापरला जातो. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची आणि देहूहून निघणारी तुकारामांची, या दोन पालख्यांच्या वाटांवर असे तळ पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहेत. वारीविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ते बहुतांशी भक्ती, अभंग आणि संप्रदाय यांविषयीचे आहे. लक्षावधी माणसे सुमारे अठरा ते वीस दिवस, ऐन पावसाच्या तोंडावर, लहानलहान गावांच्या शिवारात राहतात, जेवतात, झोपतात आणि दुसऱ्या पहाटे तेथून निघून जातात, हे कसे घडते याचा विचार त्यामानाने थोडा झाला आहे. तळाचा इतिहास हा मुख्यतः पाणी, जमीन आणि शिस्त यांचा इतिहास होय.

तुकारामांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीस व तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेऊन पंढरपुरास जाण्याचा प्रघात सुरू केला, अशी परंपरा आहे. पुढे सुमारे दीड शतक दोन्ही पादुका एकत्र जात. एकोणिसाव्या शतकात, १८३२ च्या सुमारास, सातारा भागातील आरफळ येथील हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत असलेले गृहस्थ. घरी परत येताना सातपुड्यात भिल्लांच्या टोळीने त्यांना अडविले व हरिपाठाच्या योगाने त्यांची सुटका झाली, अशी आख्यायिका आहे. त्यांनी उरलेले आयुष्य आळंदीस घालविले. ज्ञानेश्वर मंदिराच्या महाद्वारातील पायरीशी त्यांची समाधी असून प्रस्थानाच्या दिवशी तिचे पूजन होते. पालखीला लागणारे घोडे आणि मुक्कामाचा तंबू देण्याची जबाबदारी कृष्णाकाठच्या अंकली येथील शितोळे सरदारांनी पत्करली. आजही अश्व अंकलीहून येतात.

पालखीच्या व्यवस्थेत दिसणारी लष्करी वळणाची शिस्त हैबतबाबांच्या पूर्वायुष्यातून आली असावी, असे सामान्यपणे म्हटले जाते. हे अनुमान केवळ आदरापोटी केलेले नसून त्याला चांगला आधार मिळू शकतो. दौलतराव शिंदे यांच्या छावणीत इंग्रज वकिलाच्या रक्षकपथकाचा अधिकारी म्हणून राहिलेला टॉमस ब्रॉटन याने १८०९ सालची पत्रे लिहिली. ती १८१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने वर्णिले आहे, की कूच होण्याच्या वेळी बिनीवाला पुढे जाऊन जागा पाहतो, महाराजांचा डेरा जेथे पडावयाचा तेथे लहानसे पांढरे निशाण रोवतो आणि मग त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजाराच्या पेठा व सरदारांच्या राहुट्या प्रत्येक मुक्कामी त्याच क्रमाने उभ्या राहतात. त्यामुळे मुक्काम रोज बदलला, तरी छावणीतील माणसाला आपले बिऱ्हाड शोधावे लागत नसे. पालखीतळाची मांडणी याच तत्त्वावर आहे. मध्ये पादुकांचा तंबू. त्याभोवती मानाच्या व नंतर इतर दिंड्यांच्या राहुट्या. दिंडीची रथापुढची किंवा रथामागची जागा ठरलेली, तशीच तळावरील जागाही बव्हंशी ठरलेली. रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या चालतात. रथामागील दिंड्यांची संख्या काळानुसार वाढत गेली आहे. पहाटे तीन वेळा कर्णा वाजतो. पहिल्याने उठून आवरावयाचे, दुसऱ्याने दिंड्या उभ्या करावयाच्या आणि तिसऱ्याने चालू लागावयाचे. लढाईचे प्रयोजन काढून टाकले, तर ही मराठी छावणीच आहे. शिंद्यांची फिरती छावणी मोडल्यानंतर तिची मुक्कामाची विद्या एका भजनी समाजाने जतन करून ठेवली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या शिस्तीचा सर्वांत बोलका भाग म्हणजे संध्याकाळची समाजआरती. पालखी तळावर आली, की दिंड्या तिच्याभोवती वर्तुळाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा गजर शिगेला पोचलेला असतो. चोपदार आपला दंड उंचावतो आणि क्षणात सर्व तळ निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तेथे चोपदार जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतो व निवाडा होतो. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची यादी पुकारली जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. तक्रार असणाऱ्याने गप्प न बसता वाजवीत राहावे, हा संकेत फार शहाणपणाचा आहे. जागा कोणी बळकावली, पाण्याचा टँकर कोणाला मिळाला नाही, अशा रोजच्या कटकटी रात्रभर धुमसत न राहता तेथेच मिटतात.

तळाची निवड कशी झाली हे समजण्यासाठी वाटेचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. आळंदी व देहू इंद्रायणीच्या काठी, पुणे मुळा-मुठेच्या काठी, सासवड कऱ्हेच्या काठी. पुढे ज्ञानेश्वरांची पालखी जेजुरी, वाल्हे करून नीरा गावाजवळ नीरा नदी ओलांडते. तेथे पादुकांना स्नान घातले जाते. त्यानंतर लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी असे मुक्काम होतात. तुकारामांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने नीरेच्या काठच्या सराटी या लहानशा गावी उतरते आणि दुसऱ्या सकाळी नीरास्नान करून पलीकडच्या अकलूजला जाते. आता नकाशात पाहिले, तर इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. मुळा-मुठा पुढे पूर्वेस जाऊन भीमेसच मिळते. कऱ्हा नीरेत आणि नीरा नरसिंगपूर येथे भीमेत जाते. म्हणजे वारकरी ज्या ज्या नदीचे पाणी वाटेत पितो, ते सर्व पाणी अखेर पंढरपूरला चंद्रभागा म्हणून त्याच्यापुढे येते. या वस्तुस्थितीचा भाविक अर्थ कोणीही लावावा. तिचा आरोग्यविषयक अर्थ मात्र वेगळा आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात फार महागात पडला.

वाटेचा दुसरा विशेष म्हणजे ती घाटमाथ्याकडून पर्जन्यछायेकडे उतरत जाते. पुणे, सासवडपर्यंत पावसाची सर हमखास गाठते. फलटणपासून पुढे आभाळ भरलेले असले, तरी पाऊस तुरळक. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तळावर चिखलाची, तर दुसऱ्यात पाण्याच्या दुर्भिक्षाची काळजी. नीरेच्या खोऱ्यातील काळी जमीन सरीसरशी फुगते. तिच्यात तंबूच्या मेखा ठरत नाहीत आणि गाड्यांची चाके रुततात. म्हणून मुरमाड माळ, गायरान किंवा गावाबाहेरचे बाजारतळ यांना जुन्या लोकांची पसंती असे. राहुटीभोवती चर खणून पाणी उताराकडे काढून द्यावयाचे, चुलीचे तोंड वाऱ्याच्या उलट बाजूस ठेवावयाचे, विहिरीच्या वरच्या अंगास स्वयंपाक व खालच्या अंगास धुणेभांडे करावयाचे, हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. पण दिंडीतील म्हातारे ते नव्या मंडळींकडून करवून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा झाला, पुढे उजवा कालवा झाला आणि उसाखाली जमीन येत गेली. उघड्या माळांचा संकोच तेव्हापासून सुरू झाला. आज तळांच्या जागांवरील अतिक्रमणाची तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे मूळ मात्र अलीकडचे नाही.

पुण्याचा मुक्काम हा या सर्वांत निराळा. कारण येथे तळच नाही. ज्येष्ठ वद्य नवमीस दोन्ही पालख्या शहरात येतात आणि दशमीचा दिवस येथे काढून एकादशीस बाहेर पडतात. फर्ग्युसन रस्त्याने येऊन लकडी पुलावरून (आता संभाजी पूल) मुठा ओलांडली, की टिळक चौक लागतो. तेथून लक्ष्मी रस्त्याने जाताना डाव्या हाताला नारायण पेठ आणि उजव्या हाताला सदाशिव पेठ. तुकारामांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात आणि ज्ञानेश्वरांची भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात उतरते. दिंड्या मात्र सर्व शहरात पांगतात. नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ ही नदीला लागून वसलेली, वाड्यांची आणि देवळांची पेठ. पेशवाईतील वस्तीच्या इतर पेठांप्रमाणेच येथल्याही वाड्यांची चौकसोप्यांची रचना अशी होती, की एका रात्रीसाठी पन्नास माणसे उतरविणे अवघड जात नसे. ठरावीक दिंडी ठरावीक वाड्यात उतरावयाची, यजमानाने पाय धुवावयास पाणी आणि पिठलेभाकरी द्यावयाची, असे संबंध दोन दोन, तीन तीन पिढ्या चालत. चपला शिवून देणे, पायांस तेल चोळणे, हजामत करून देणे या सेवाही पुण्याच्या मुक्कामीच विशेषेकरून मिळतात. पुढे वाडे पाडून सदनिका झाल्या, आणि ज्या सोप्यावर टाळकरी निजत ते सोपेच उरले नाहीत. आता महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालये आणि मंडळांचे मांडव यांवर मुख्य भार आहे.

नदीकाठच्या मुक्कामात कोणता धोका असतो, याची आठवण पुणेकरांना १९६१ मध्ये झाली. त्या वर्षी १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा, सदाशिव इत्यादी पेठांत शिरले. नदीलगतची नारायण पेठ पाण्याखाली गेली. शेकडो घरे कोसळली. तो दिवस अमावास्येचा होता. पालख्या एकादशीसच शहर सोडून गेल्या होत्या. धरण चार दिवस आधी फुटते, तर नदीकाठच्या पेठांतून उतरलेल्या परगावच्या हजारो वारकऱ्यांचे काय झाले असते, हे सांगणे कठीण नाही. शहरच्या मुक्कामात राहुटीची गरज नसते, म्हणून तो अधिक सुरक्षित असतो हा समज त्या वर्षी खोटा ठरता ठरता राहिला. दि. बा. मोकाशी हे त्याच वर्षी ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालले होते. त्यांचे पालखी (१९६४) हे पुस्तक तळांवरील रोजच्या जीवनाचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय वर्णन होय. त्याच्या आधी इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवून ठेवली होती. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी दिवसभर एकत्र अभंग म्हणत. तळावर आल्यावर मात्र त्यांच्या चुली आणि पंगती निरनिराळ्या असत. वाट एक आणि तळ दोन, अशी ती स्थिती होती. ती पुढे बरीच पालटली, तरी तळाचा नकाशा हा समाजाचाही नकाशा असतो हे त्यांच्या निरीक्षणातून प्रथम नीट कळले.

आता पटकीसंबंधी. पंढरपूरच्या यात्रा आणि पटकीच्या साथी यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातील सरकारी आरोग्यखात्याच्या लिखाणात वारंवार आला आहे. पटकीचा जंतू पाण्यावाटे पसरतो हे निर्विवादपणे मान्य होण्यास कॉखचे १८८३-८४ मधील संशोधन व्हावे लागले. तोपर्यंत दुर्गंधीयुक्त हवा, गर्दी, यात्रेकरूंचे अशक्तपण अशी निरनिराळी कारणे पुढे केली जात. यात्रेकरूंवर कर बसवून त्यातून सफाई करण्याचा उपाय सरकारने योजिला. लोकांना त्यात फक्त कर दिसला, आणि ते अगदीच अन्यायाचे नव्हते. खरा प्रश्न तळाचाच होता. एखाद्या गावी एक रात्र लाखभर माणसे उतरतात, त्या गावच्या ओढ्याविहिरींचे पाणी पितात, त्याच परिसरात शौचास जातात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातात. रोग्यांपैकी पुष्कळांना दोनतीन दिवसांनी लक्षणे दिसतात; तोवर दोनतीन तळ मागे पडलेले असतात. म्हणजे साथ पसरविण्यास याहून सोयीची रचना मुद्दाम करूनही साधली नसती. हाफकिनने १८९३ मध्ये भारतात पटकीच्या लशीचे प्रयोग सुरू केले. विसाव्या शतकाच्या मध्यास टोचून घेतल्याचा दाखला वारकऱ्यांकडून मागितला जाऊ लागला. तथापि लशीपेक्षा अधिक काम तळावरील विहिरींत टाकलेल्या विरंजक चूर्णाने, टँकरने आणलेल्या शुद्ध पाण्याने आणि अगदी अलीकडे, २०१५ नंतर, ‘निर्मल वारी’ या नावाने तळोतळी ठेवल्या जाणाऱ्या फिरत्या शौचालयांनी केले, असे म्हणावे लागेल. उघड्यावर जाण्याची लाज आणि अडचण स्त्रियांना सर्वाधिक भोगावी लागे. त्या दृष्टीने ही सुधारणा शंभर वर्षे उशिरा झाली.

बैलगाड्या जाऊन ट्रक आले, हा तळाच्या जीवनातील दुसरा मोठा बदल. पूर्वी दिंडीचे सामान गाडीवर असे आणि गाडी दिंडीच्या वेगानेच चाले. ट्रक पुढे निघून जातो. सकाळी राहुट्या उपटल्या, तणावे गुंडाळले, भांडी घासून भरली, की सामानाचा ट्रक आडवाटेने पुढच्या तळावर पोचतो आणि दिंडी येईपर्यंत राहुट्या उभ्या राहून आमटीस उकळी आलेली असते. अनेक ट्रकांत मध्ये फळ्यांचा माळा घातलेला असतो. खाली धान्य, सरपण किंवा गॅसच्या टाक्या, वर अंथरुणे. पाऊस आला, की म्हाताऱ्या बायका त्याच माळ्यावर निजतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चाकांवरील बिऱ्हाड ही पाश्चात्त्यांची नवलाई म्हणून वर्णिली गेली. दिंडीच्या ट्रकाचा त्या वेळी कोणाला आठव झालेला दिसत नाही. सोय वाढली तसा तळावरील जागेचा ताणही वाढला. माणूस रात्री जेवढी जागा व्यापतो, त्याच्या कितीतरी पट ट्रक व टँकर व्यापतात. म्हणून प्रस्थानापूर्वी दिंडीप्रमुखांच्या बैठकी घेऊन वाहनांचे परवाने आणि तळावरील जागा निश्चित करावी लागते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल त्याप्रमाणे लोणंदचा मुक्काम कमीजास्त होतो. त्यामुळे दर वर्षी वेळापत्रक नव्याने मांडावे लागते.

पंढरपूरचे वाळवंट हा वाटेवरील अखेरचा आणि सर्वांत वादग्रस्त तळ. वारीचे दोन मोठे काळ आहेत, आषाढी व कार्तिकी. कार्तिकात पावसाळा सरलेला असतो, पाणी ओसरत जाते आणि मोकळी होणारी वाळू मुक्कामास उत्तम असते. प्रयागचा माघमेळा गंगायमुनेच्या पात्रात भरतो, तोही असाच ओसरत्या पाण्याचा. आषाढीची गोष्ट याच्या उलट आहे. वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू झालेला असतो आणि नदी चढणीला लागलेली असते. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाल्यानंतर भीमेचे पाणी काहीसे माणसाच्या हाती आले. कोरड्या वर्षी स्नानासाठी धरणातून पाणी सोडता येते. पण नीरा ही उजनीच्या खाली भीमेस मिळते, त्यामुळे वीर धरणातून पाणी सोडावे लागले की उजनीचे दरवाजे बंद असले, तरी चंद्रभागा वाढतेच. वाळवंटातील राहुट्यांत पाणी शिरण्याचे प्रसंग त्यामुळे संपले नाहीत.

पाण्याहून कठीण प्रश्न घाणीचा ठरला. नदीपात्रातील मुक्कामामुळे होणारी अस्वच्छता, आणि ती हाताने उपसावी लागणाऱ्या सफाई कामगारांची स्थिती, हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. २०१४ च्या अखेरीस न्यायालयाने पात्रात मंडप, तंबू व राहुट्या उभारण्यास मनाई केली. फडकऱ्यांचा याला विरोध होता. वाळवंटातील कीर्तन ही संतांच्या काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते ऐतिहासिक दृष्ट्या बरोबर आहे. परंतु कीर्तनाची वहिवाट आणि मुक्कामाची वहिवाट या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढे ठरावीक दिवस भजन-कीर्तनास सवलत मिळाली आणि मुक्कामासाठी नदीलगत ६५ एकर जागेवर भूखंड पाडून पाणी, दिवे व शौचालये यांची सोय करण्यात आली, तेव्हा व्यवहारात हाच भेद स्वीकारला गेला. ‘पासष्ट एकर’ हेच आता त्या तळाचे नाव झाले आहे. २०१६ मध्ये नमामि चंद्रभागा ही नदीशुद्धीची योजना जाहीर झाली. नदीत येणारे सांडपाणी वारकऱ्याचे तीन दिवसांचे नसून वरच्या शहरांचे तीनशे पासष्ट दिवसांचे आहे, ही गोष्ट मात्र अशा योजनांच्या चर्चेत मागे पडते. पुण्याचे व पिंपरी-चिंचवडचे पाणी इंद्रायणी, मुळा-मुठा आणि भीमा या वाटेने उजनीत जाते. आळंदीस इंद्रायणीवर फेस येतो, तो काही वारीमुळे येत नाही.

दोन्ही पालखीमार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद करण्याच्या कामाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. चालण्यास स्वतंत्र पट्टी मिळणे इष्टच आहे. रुंदीकरणात जुने वड व चिंचा गेल्या, हे दुपारच्या विसाव्याच्या दृष्टीने मोठे नुकसान होय. कारण विसाव्याला तंबू नसतो, झाडच असते.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये वाटेवरचा एकही तळ पडला नाही. ३० जून रोजी पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून मोजक्या लोकांसह पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ मध्येही तसेच झाले. २०२२ मध्ये सोहळा पुन्हा पायी निघाला, तेव्हा काही दिंड्यांना आपल्या राहुट्यांची कापडे दोन पावसाळे बांधून राहिल्याने कुजलेली आढळली.

पौर्णिमेस गोपाळकाला झाला, की परतीची वाट सुरू होते. तिला फारसे कोणी जात नाही. पालखी त्याच वाटेने, पण मोठे पल्ले मारीत सुमारे दहा दिवसांत आळंदीस येते. तळ बहुधा तेच असतात; मात्र जेथे जाताना राहुट्यांचे शहर उठलेले असते, तेथे आता एक तंबू आणि दोनचारशे माणसे असतात, आणि तळाच्या उरलेल्या भागावर गावच्या लोकांनी आपली गुरे सोडलेली असतात.